नगराचे अंगण, लेखांक सातवा : कट्टा आणि कुंपण

मागील लेखांकात सावलीचा विचार केला; आज त्याहूनही साध्या दिसणाऱ्या, आणि म्हणूनच आराखडे रेखाटणाऱ्यांकडून बहुधा उपेक्षिल्या जाणाऱ्या एका अंगाकडे, म्हणजे सार्वजनिक जागेच्या हद्दीकडे, वळावयाचे आहे. मैदानाच्या वा चौकाच्या मध्यभागावर आपल्या नगरपालिका मुक्तहस्ते खर्च करतात. पुतळा, कारंजे, फरसबंदी, रंगीत दिवे यांची तजवीज ठरावाबरहुकूम होते. परंतु ती जागा नांदती राहणार की ओस पडणार, याचा निकाल मात्र जेथे ती रस्त्याला भिडते त्या काठावरच लागलेला असतो, असे माझे निश्चित मत आहे.

मुंबई महानगरपालिकेने १९२५ साली माहीम पार्क म्हणून जे मैदान लोकांस खुले केले, आणि ज्याला दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे शिवछत्रपतींचे नाव लाभले, त्या दादरच्या शिवाजी पार्कचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. सुमारे २८ एकरांच्या या मैदानात वास्तुशोभा म्हणावी अशी फारशी नाही. लाल माती, खेळपट्ट्या, काही क्रीडासंस्थांच्या बैठ्या इमारती आणि भोवती वृक्षांची रांग, एवढाच त्याचा पसारा. पण त्याच्या सभोवार किलोमीटरभराहून अधिक लांबीचा जो बुटका कट्टा फिरतो, तो हद्दही दाखवतो आणि आसनही देतो. पाय बाहेर सोडून बसणाऱ्यास रस्त्याची वर्दळ दिसते. आत वळून बसणाऱ्यास रमाकांत आचरेकरांनी ज्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांचे फलंदाज घडवले, त्या मातीत आजही चाललेला सराव दिसतो. बसण्यासाठी तिकीट नाही, काही विकत घेण्याची सक्ती नाही, आणि ‘आपले येथे काय काम?’ असे विचारणारा रखवालदारही नाही. समोर तीन-चार मजली जुन्या इमारतींचे सज्जे मैदानाकडे तोंड करून उभे असल्यामुळे येथे बसलेला मनुष्य कधीच एकाकी नसतो, आणि त्याच्यावर पहारा बसवला आहे असेही त्यास वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या सभांना लोटलेला जनसागर ज्या मैदानाने सामावून घेतला, तेच दुसऱ्या दिवशी सायंकाळी निवृत्त शिक्षकास, महाविद्यालयीन मैत्रिणींस आणि नातवाचे बोट धरलेल्या आजीस तितक्याच सहजतेने आपले वाटते, याचे बरेचसे श्रेय मी त्या कट्ट्यास देतो.

हे केवळ माझ्या ममत्वाचे बोलणे आहे असे कोणास वाटल्यास त्याने न्यूयॉर्कचा अनुभव पाहावा. तेथे १९६१ च्या नियमांनी इमारतीपुढे मोकळा चौक सोडणाऱ्या मालकांस दाट वस्तीच्या भागात दर चौरस फुटामागे दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकामाची सवलत दिली. चौक झपाट्याने निर्माण झाले, पण त्यांपैकी पुष्कळ निर्जनच राहिले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने सत्तरच्या दशकात छतांवर चित्रणयंत्रे बसवून, सहकाऱ्यांना वह्या देऊन, लोक कोठे बसतात, किती वेळ बसतात आणि कोणत्या बाजूस तोंड करतात याची चिकाटीने नोंद केली, तेव्हा सौंदर्य, आकार, ऊन या साऱ्यांना मागे टाकणारे कारण निघाले ते हे, की जेथे बसावयास जागा असते तेथे लोक बसतात. १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या सीग्रॅम इमारतीपुढचे कठडे मुळात बसण्यासाठी योजलेले नसूनही माणसांनी भरलेले असत, तर नजीकचे कित्येक चौक मोकळे पडत. परिणामी १९७५ साली नियम सुधारले गेले, आणि चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक असावी अशी तरतूद झाली. व्हाइटचे आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते : ज्या जागेत स्त्रियांचे प्रमाण घटते, ती जागा कोठेतरी बिघडली आहे असे समजावे. पोलीस कचेरीच्या दप्तरात जे उशिरा उमटते, ते या एका मापाने फार आधी कळते.

त्याच शहरातील ब्रायंट पार्कची कथा कुंपणाविषयी आहे. १९३४ च्या पुनर्रचनेत हे उद्यान रस्त्यापेक्षा उंचावर, लोखंडी कुंपण आणि दाट झुडपांच्या आड, शांततेचे आश्रयस्थान म्हणून रचले गेले. हेतू निर्मळ होता, पण रस्त्यावरून आतले दिसेना आणि आतल्यास बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या, यामुळे सत्तरच्या दशकात ते अमली पदार्थांच्या विक्रेत्यांचे ठाणे बनले. व्हाइटने येथे पहारा वाढवण्याऐवजी आडोसा हटवण्याचा सल्ला दिला. १९८८ मध्ये बंद झालेले उद्यान १९९२ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा कुंपण व झुडपे गेली होती, नव्या वाटा काढल्या होत्या, आणि हिरवळीवर कोणीही उचलून हवी तेथे मांडावी अशी सुटी खुर्ची आली होती.

आपल्याकडे मात्र प्रवाह उलटा वाहतो. उद्यानाचे सुशोभीकरण म्हटले की पहिली निविदा कुंपणाच्या जाळीची निघते. दुपारी दरवाजास कुलूप पडते, म्हणजे ज्या मजुरास वा फेरीवाल्यास त्या वेळी सावलीची खरी गरज, त्यालाच मनाई. आणि दुकानांच्या, कचेऱ्यांच्या पायथ्याचे जे कठडे वाटसरूस घटकाभर टेकू देत, त्यांवर टोकदार सळ्या ठोकल्या जातात. मद्यपी व उपद्रवी लोकांचा बंदोबस्त, ही यामागची सबब सर्वस्वी खोटी नाही, आणि रात्री आपल्या खिडकीखाली चाललेला गोंगाट सोसणाऱ्या रहिवाशाची तक्रार हलकी लेखण्याचा मला अधिकार नाही. शिवाजी पार्कच्या रहिवाशांना मैदानावरून उडणाऱ्या धुळीने जो त्रास होतो, तो तर कोणत्याही कट्ट्याने दूर होणारा नव्हे. परंतु उपद्रव करणाऱ्यास आडोसा हवा असतो आणि सामान्य नागरिकास उघडीक. कुंपण उंच करताना आपण यांपैकी कोणाची सोय करीत आहोत, हे आराखड्यास मंजुरी देणाऱ्यांनी विचारलेच पाहिजे. नव्या उद्यानाच्या नकाशात बैठकांची एकूण लांबी किती, त्यांतील रस्त्याच्या दृष्टिपथात किती, आणि दरवाजे दुपारी उघडे राहणार की नाही, हे तीन तपशील नगरसेवकांनी मागावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ब्रायंट पार्कच्या पुनरुज्जीवनास मात्र दुसरीही बाजू आहे. त्याचा कारभार १९८० साली स्थापन झालेल्या एका खासगी महामंडळाकडे असून खर्चाचा काही भार आसपासच्या मिळकतदारांवर बसवलेल्या आकारणीतून उचलला जातो. आणि ज्याच्या पैशाने झाडलोट होते, त्याचा शब्द कोणास आत घ्यावे या प्रश्नातही वजनदार ठरू लागतो. मालकी लोकांची आणि अंमल दुसऱ्याचा, या व्यवस्थेचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.