पहिला नंबर कुणाचा?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल कळले आणि आमच्या घराचं जणू प्रवेश कार्यालयच झालं. येणारा-जाणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेऊन एकच विचारायचा, "मग, कुठलं कॉलेज?" उत्तर मात्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या जूनमधली ही गोष्ट.

मी पतपेढीत नोकरी करते, त्यामुळे जमा-नावे हा माझा रोजचा विषय. एक जुनी डायरी काढली, पानावर उभी रेघ मारली. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. लेकीला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच करायचं होतं. आमचं मोटार वायंडिंगचं दुकान. लहानपणापासून ती तांब्याच्या तारेत खेळलेली. "कॉम्प्युटर घे गं, सगळे तेच घेतात," असं सांगून दमलेले नातेवाईक अजून आमच्यावर रुसून आहेत.

पहिलं पान आमच्या कराडच्या सरकारी कॉलेजचं. १९६० पासूनचं, विद्यानगरला, घरापासून हाकेच्या अंतरावर. इलेक्ट्रिकल आहे, फी कमी, घरचं जेवण. दुसरं सांगलीचं वालचंद. १९४७ सालचं, नावाजलेलं, इलेक्ट्रिकल तिथंही आहे. पण हॉस्टेल आलं, मेस आली. तिसरं पुण्याचं कमिन्स. खास मुलींसाठी १९९१ मध्ये सुरू झालेलं, कर्वे संस्थेचं. सासूबाईंना ते फार पसंत. पण तिथं लेकीच्या मनातली शाखा सोडून इलेक्ट्रॉनिक्सकडे वळावं लागणार होतं. चौथं एक नवं खासगी कॉलेज. त्याचं गुळगुळीत माहितीपत्रक घरपोच आलं होतं.

फीचा हिशेब मला वाटला होता तितका अवघड निघाला नाही. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आम्ही त्यात बसत होतो. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. आणि हॉस्टेल, मेस, जाणं-येणं हे आपलं आपल्यालाच बघावं लागतं. खरा खर्च तिथंच आहे, हे बायकांनी आधीच मांडून ठेवावं.

मग आम्ही मायलेकी कॉलेजं बघायला निघालो. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार! या फिरण्यातून मी एक शिकले. ऑफिसात कमी बसायचं आणि हॉस्टेलच्या पायरीवर जास्त. तिथल्या मुली सगळं सांगतात. पाणी किती वेळ येतं, गेट किती वाजता बंद होतं, आजारी पडलं तर कोण दवाखान्यात नेतं, प्रॅक्टिकलला प्रत्येकीच्या हाताला काम येतं की एक करते आणि दहा जणी बघतात. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. प्रवेश मिळाला म्हणजे हॉस्टेलची खोली मिळालीच असं नसतं. तो अर्ज वेगळा, यादीही वेगळी.

त्या नव्या कॉलेजात मोठा फलक लावला होता. एका मुलाचा फोटो आणि खाली लाखांतला आकडा. मी विचारलं, "वर्गात किती जण होते? त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? मधल्या मुलाला किती मिळाले?" समोरचे गृहस्थ हसले. "मॅडम, फलक बघा ना!" आमच्या पतपेढीत एका ठेवीदाराची रक्कम दाखवून कुणी सगळ्यांची सरासरी सांगितली, तर आम्ही त्याला दारातून परत पाठवू. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, ही माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवावी लागते. ती शोधून वाचा. लेकीने प्रयोगशाळा दाखवायला सांगितलं, तर किल्ली सापडेना. चौथ्या पानावर तिने तिथंच काट मारली.

उरली तीन. खरी अडचण पुढेच होती.

पसंतीक्रमाचा अर्ज भरायचा होता. सगळ्यांचं एकमत, पहिला नंबर कराडला द्यायचा. "सेफ राहतं," हे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "पोर डोळ्यासमोर राहील." मीही मान डोलावली. खरं सांगते, सगळ्यात जोरात मीच डोलावली.

लेक काही बोलली नाही. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं, की ती जागा पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. माझ्या मार्कांना कराड मिळणारच. म्हणजे वर कराड लिहिलं, की विषय संपला. सांगली खाली लिहून उपयोग काय?"

मला हा नियम माहीत नव्हता. 'सेफ' म्हणून जे वर लिहायचं, तोच शेवटचा निर्णय ठरणार होता. कराड खाली लिहिलं म्हणून ते हातचं जातं असंही नाही. वरचं नाही मिळालं तर खालच्याचा विचार होतोच. म्हणून यादीत वर ठेवायचं ते मनापासून हवं असलेलं. मिळेल असं वाटणारं नव्हे.

मी डायरी उघडली. सांगलीच्या पानावर तोट्यांच्या बाजूला माझ्याच अक्षरात चार ओळी होत्या. 'दूर. एकटी राहणार. आजारी पडली तर? जेवणाचे हाल.' एकही ओळ कॉलेजबद्दल नव्हती. सगळ्या माझ्याबद्दल होत्या.

आणि मला १९९४ आठवलं. बारावीला मला चांगले मार्क होते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचं होतं, त्यासाठी बाहेरगावी जायची तयारी होती. वडिलांनी फायदे-तोटे बघितले, अगदी प्रेमाने बघितले, आणि मला गावातच कॉमर्सला घातलं. सकाळचं कॉलेज, दुपारी घरकामाला हातभार. माझं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. नोकरी मिळाली, संसार झाला. पण त्या हिशेबात मला कुणी विचारलं नव्हतं, ते अजून सलतं. वडील दुष्ट नव्हते. त्यांना काळजी होती. माझ्याही डायरीत काळजीच होती.

"तू लिही," मी पेन तिच्यापुढे सरकवलं. तिने पहिलं सांगली लिहिलं, दुसरं कराड, तिसरं पुणं. का, ते तिने नीट सांगितलं. सांगली आणि कराडला हवी ती शाखा आहे. त्यातही सांगलीच्या मुलींनी दाखवलेली प्रयोगशाळा तिला आवडली होती. पुण्यासाठी शाखा सोडायची तिची तयारी नव्हती. आणि शेवटी हळूच म्हणाली, "दूर आहे ना, ते मी फायद्यात धरलंय."

सकाळी घरात थोडी वादावादी झाली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. यांनी मात्र अर्ज वाचला आणि एवढंच विचारलं, "मल्टिमीटर नवा घ्यायचा का दुकानातला नेतेस?"

तिला सांगली मिळालं. हॉस्टेलची खोली मिळायला महिना गेला, तोवर माझ्या मावसबहिणीकडे राहिली. मेसच्या भाजीबद्दल तक्रारी आहेत, पहिल्या सत्रात गणिताने रडवलं. घरी राहिली असती तर कदाचित कमी रडली असती, हेही खरं. सगळ्या पानांवर फायदेच असलेलं कॉलेज अजून कुणी बांधलेलं नाही.

मागच्या शनिवारी आली, तर आल्या आल्या दुकानात जाऊन बसली आणि वडिलांना एका मोटारीची चूक दाखवू लागली. सासूबाई दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, "दोन तासांवर तर आहे. एवढं काय दूर!"