अदृश्य हाताचा खटका

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळच्या बेझाँ इथे सीन नदीवरून एक विमान प्रेक्षकांसमोरून गेले. चालवणारा लॉरेन्स स्पेरी अवघा २१ वर्षांचा होता आणि त्याने दोन्ही हात वर उचलून धरले होते. त्याचा मेकॅनिक एमिल काशँ तर चक्क पंखावर जाऊन उभा होता. तरीही विमान कलंडले नाही. जायरोस्कोपवर चालणारे एक यंत्र ते सावरत होते. ऑटोपायलटचे हे गाजलेले पहिले प्रात्यक्षिक.

त्या यंत्राचे वंशज आज हौशी माणसांनी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या विमानांतही असतात. अमेरिकेत विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौसेने वा शिकण्यासाठी स्वतः केले, तर त्याची 'एक्स्परिमेंटल' वर्गात नोंद होऊ शकते. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांच्या 'आरव्ही' मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने अशी उडाली आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली. अशा विमानात सुतार, लोहार आणि वायरमन बहुधा एकच असतो, आणि पुढे वैमानिकही तोच. म्हणून कोणती तार कुठून घ्यावी आणि खटका कुठे बसवावा, हे प्रश्न त्याच्या जिवाशी निगडित असतात.

सर्वो म्हणजे ऑटोपायलटचा हात. संगणक ठरवतो आणि सर्वोची मोटर नियंत्रणाच्या दांड्यांना जोडलेला आपला छोटा आर्म फिरवते. साधारणपणे दोन सर्वो असतात: एक विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या एलरॉनसाठी, दुसरा नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरसाठी. अनेक सर्वोंत स्टेपर मोटर असते. तिला वीज मिळते तोवर ती जागा धरून ठेवते. वीज तुटली की दांडी थोड्याशाच विरोधाने हाताने हलते. वीज बंद म्हणजे पकड बंद, हा या रचनेचा मोठा गुण.

आता फ्यूजविषयी. तो उपकरण वाचवण्यासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो आधी तार वाचवतो. २२ गेजच्या तारेला ५ अँपिअरचे संरक्षण देण्याची विमानातली जुनी रीत आहे. त्याहून मोठा फ्यूज घातला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहून तारच तापेल. शिवाय सर्वोला रेडिओच्या फ्यूजवर जोडले, तर सर्वोच्या बिघाडात रेडिओही गप्प होईल. म्हणून त्याला स्वतंत्र वाट द्यावी.

खरा प्रश्न बंद करण्याचा आहे. दांडीवरचे लाल बटण दाबले की ऑटोपायलट सुटतो, एवढेच आपण पाहतो. पण अनेक प्रणालींत ते बटण वीज तोडत नाही. ते इलेक्ट्रॉनिक्सला फक्त संकेत देते. ही झाली विनंती. ऐकणारा शुद्धीवर असेल तोवर ती पुरते. तो संगणकच भरकटला असेल तर विनंतीऐवजी हुकूम हवा, म्हणजे सर्वोचा वीजपुरवठाच तोडणारा वेगळा खटका. तो पट्टा न सोडता हाताला लागावा, आणि अंधारात चाचपडूनही ओळखता यावा. या दोहोंच्या आधी तिसरा आधार असतो तो वैमानिकाच्या मनगटाचा. सर्वोची ताकद मर्यादित ठेवलेली असते, म्हणजे माणूस जोर लावून त्याच्यावर मात करू शकतो. मात्र सर्वो बराच वेळ भार पेलत असेल, तर तो सोडताच तो भार अचानक हातावर येतो. म्हणून सुटका करण्यापूर्वीच दांडी घट्ट धरायची.

एवढे सारे बंद करण्याविषयी झाले. पण ऑटोपायलट चालू राहणेही तितकेच मोलाचे असते. ढगात अल्टरनेटर बंद पडला आणि वैमानिक एकटाच असला, तर एका हातात नकाशा, दुसऱ्यात रेडिओ, मग दांडी कोण धरणार? अशा वेळी ऑटोपायलट चैन राहत नाही. रॉबर्ट नकल्स यांनी 'एरोइलेक्ट्रिक कनेक्शन'मधून हौशी बांधणाऱ्यांमध्ये रुजवलेली 'एन्ड्युरन्स बस' इथे कामी येते. अत्यावश्यक उपकरणांची ही पट्टी एरवी डायोडमधून मुख्य पट्टीवरून वीज घेते. आणीबाणीत एक खटका टाकला की ती थेट बॅटरीवरून जगते. डायोडमुळे वीज उलट वाहून मुख्य पट्टीवरच्या भाराकडे जात नाही. हिशेब सोपा आहे: १२ अँपिअर-तास खरोखर उरलेल्या बॅटरीवर ४ अँपिअरचा भार म्हणजे ३ तास. त्यात दोन्ही सर्वो ठेवायचे, की एलरॉनचा एकच, हे जमिनीवरच मोजून ठरवावे लागते.

इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीचा दाब खाली ओढतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक्स मध्येच बंद पडून पुन्हा जागे होते. म्हणून सर्वोचा खटका बरेच जण इंजिन लागल्यावरच टाकतात. त्यानंतर उड्डाणापूर्वी प्रत्येक वेळी करायची तपासणी मिनिटभराची असते: ऑटोपायलट लावा, हाताने त्याच्यावर मात करा, बटणाने सोडवा; पुन्हा लावा आणि या वेळी वीजच तोडा. दोन्ही वेळा दांडी मोकळी झाली, तरच धावपट्टीकडे निघावे.