मुलाचा गुडघा सारखा सुजतो? हिमोफिलियाविषयी थोडं

सख्यांनो, मुलाचा दुधाचा दात पडला की थोडं रक्त येतं, कापूस धरला की थांबतं. पण एखाद्या मुलाचं रात्रभर झिरपत राहतं. कान टोचले तर दुसऱ्या दिवशीही थेंब येत असतो. रांगायला लागल्यावर अंगावर काळे-निळे डाग उठतात, आणि चालायला लागल्यावर फारसं न पडताच गुडघा नाहीतर घोटा फुगून गरम होतो. घरात आधी दृष्ट काढली जाते. मग कोणीतरी हळद-चुना लावून चोळून देतं. अशा मुलाला हिमोफिलिया असू शकतो, आणि असेल तर चोळल्यानं सूज वाढते, कारण आत सांध्यात रक्त साचलेलं असतं.

रक्त गोठायला रक्तात काही घटक लागतात. डॉक्टर त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना नंबर आहेत. आठ नंबरचा कमी असेल तर हिमोफिलिया ए, नऊ नंबरचा कमी असेल तर हिमोफिलिया बी. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे आपल्या एखाद्या गावात कोणीच नसेल, पण अख्ख्या मावळ तालुक्याचा हिशोब केला तर काही घरं निघणारच. या मुलांचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, फक्त उशिरापर्यंत थांबत नाही. बोटाला काटा टोचला तर घाबरायचं कारण नाही. भीती आहे ती आतल्या रक्तस्रावाची. एकाच सांध्यात वारंवार रक्त उतरलं की तो सांधा कायमचा आखडतो.

आता घराघरात ज्यावरून भांडण होतं तो मुद्दा. “हे हिच्या माहेरून आलं.”

नीट समजून घेऊ. बाईकडे एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. हे फॅक्टर बनवायची कृती एक्सवर असते. आईच्या एका एक्सवर ती कृती बिघडलेली असली तरी दुसरा एक्स काम निभावतो, म्हणून ती ठणठणीत दिसते. तिला वाहक म्हणतात. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो. तो बिघडलेला आला तर सांभाळून घ्यायला दुसरा नाही. प्रत्येक बाळंतपणात नाणं नव्यानं उडवल्यासारखं असतं. मुलगा झाला तर आजाराची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. पहिला मुलगा आजारी निघाला म्हणून दुसरा सुटला असं होत नाही. बापाला आजार असेल तर मुलगे सुटतात, कारण त्यांना बापाचा वाय मिळतो. मुली मात्र सगळ्या वाहक होतात. म्हणजे बापाच्या बाजूनंही हे पुढच्या पिढीत जातं, ते कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

नाण्यावरून आठवलं, कितीतरी जुन्या घरांत आज्जीनं राणीछाप रुपया जपून ठेवलेला असतो. त्यावरची व्हिक्टोरिया राणी हिमोफिलियाची वाहक होती. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी पाय घसरून पडला आणि रक्तस्रावानं गेला. तिच्या लेकी-नातींमार्फत हा आजार रशियाच्या आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोचला. तेव्हा कुळ, जात, पाप, शाप यांचा इथे काही संबंध नाही. आणि साधारण तीन रुग्णांपैकी एकाच्या घराण्यात आधी कोणालाच हा आजार नसतो. तो नव्यानंच सुरू होतो. तिथे कोणाचं माहेर शोधणार?

चौकशी मात्र करायचीच, ती उपचारासाठी. आईचा एखादा भाऊ लहानपणी रक्त जाऊन गेला होता का? मावशीच्या मुलाचे सांधे सुजतात का? तसं असेल तर आईनं आणि तिच्या बहिणींनी स्वतःची तपासणी करून घ्यावी, शक्यतो दिवस राहण्याआधी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे वाहक आहे का ते तपासतात. काही वाहक बायकांचाही फॅक्टर कमी असतो. पाळीत अंगावरून खूप जातं, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही. “आमच्यात असंच असतं” म्हणून आपण सोडून देतो. डॉक्टरांना बाळंतपणाआधीच सांगून ठेवा.

सांधा सुजला तर मुलाला हलवू नका. फडक्यात गुंडाळून बर्फ ठेवा, सैलसर पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. शेकू नका. दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन देऊ पाहणाऱ्या डॉक्टरांना आधी आजार सांगा. लस मात्र चुकवायची नाही. बारीक सुईनं द्यायला सांगा आणि नंतर जागा दहा मिनिटं दाबून धरा.

खरा उपचार म्हणजे कमी असलेला फॅक्टर शिरेतून देणं. तो विकत घ्यायला गेलं तर आपल्यासारख्याला झेपत नाही, म्हणून सरकारी रुग्णालयच धरा. निदानासाठी रक्ताची तपासणी लागते. टाकव्याच्या किंवा कान्ह्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन पुण्याच्या ससूनला जा. कान्ह्याहून लोकलनं पुणे स्टेशन, आणि ससून स्टेशनजवळच आहे. खांडी, कुसूरकडच्या बायकांना हे सांगणं सोपं, जाणं अवघड, हे ठाऊक आहे. म्हणून पावसाळ्याआधीच निदान उरकून घ्या. प्रवासखर्चासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेता येतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा.

डोक्याला मार लागला असेल तर सूज दिसायची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.

आणि एक चिठ्ठी लिहून प्लास्टिकच्या पिशवीत मुलाच्या दप्तरात ठेवा. एक प्रत गुरुजींकडे, एक आशाताईंकडे. त्यावर मुलाचं नाव, रक्तगट, हिमोफिलिया ए की बी, तीव्र की सौम्य, वजन, उपचार चालू असलेलं रुग्णालय आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर. वजन दर सहा महिन्यांनी बदला, फॅक्टरचा डोस त्यावरच ठरतो.