चुंबक एका अणूएवढा लहान केला तर काय होतं?

हार्ड डिस्कमधली माहिती चुंबकाच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांमध्ये साठवलेली असते. ठिपका जितका लहान, तितकी जास्त माहिती मावते. मग हा ठिपका थेट एका अणूएवढा करता येईल का?

धातूच्या पृष्ठभागावर मोजके अणू ठेवून शास्त्रज्ञांनी हे तपासलं आहे. त्यातून दिसलं ते असं: आकार घटला की प्रत्येक अणूचं चुंबकत्व वाढतं, पण ते टिकवणं कठीण होतं.

एकटा अणू जास्त जोरकस का?

इलेक्ट्रॉनमुळे अणूला दोन प्रकारे चुंबकत्व मिळतं. एक इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’मुळे आणि दुसरं अणुकेंद्राभोवतीच्या त्याच्या भ्रमणामुळे. कोबाल्टच्या तुकड्यात प्रत्येक अणूला १२ शेजारी असतात. या दाटीत भ्रमणातून येणारं चुंबकत्व जवळपास दबून जातं.

प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर बसलेल्या एकट्या कोबाल्ट अणूला मात्र फक्त खालचे तीन शेजारी असतात. २००३ मध्ये पिएत्रो गाम्बार्देला आणि सहकाऱ्यांनी अशा अणूंची मोजणी केली. भ्रमणातून येणारं चुंबकत्व सुमारे सात पट भरलं. चुंबकत्वाची दिशा बदलायला लागणारी ऊर्जा तर प्रत्येक अणूमागे तब्बल २०० पट निघाली. यात खालच्या प्लॅटिनमचाही वाटा होता.

मग अडचण कुठे येते?

अडचण उष्णतेची आहे. २०० पट वाढूनही ही ऊर्जा एका अणूसाठी जेमतेम ९ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट होते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा असते सुमारे २५. म्हणजे उष्णताच वरचढ ठरते आणि अणूची दिशा सतत बदलत राहते. मोठ्या तुकड्यात असंख्य अणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणूनच कोबाल्ट सुमारे १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहू शकतो.

अणूंची रांग लावली तर?

रांगेत प्रत्येक अणूला दोनच सोबती. मध्ये एक जोडी फुटली की पुढची सगळी रांग उलटी फिरू शकते. सरळ रांगेत कायमची चुंबकीय शिस्त राहत नाही, हे अर्न्स्ट इसिंग यांनी १९२५ मध्ये गणिताने दाखवलं होतं.

तरीही २००२ मध्ये गाम्बार्देला यांच्याच गटाला प्लॅटिनमच्या पायऱ्यांसारख्या पृष्ठभागावरच्या, एका अणूच्या रुंदीच्या कोबाल्ट साखळ्यांमध्ये चुंबकत्व टिकलेलं दिसलं. पण कधी? तापमान सुमारे उणे २५८ अंशांच्या खाली गेल्यावर. तिथे दिशा बदलणं इतकं संथ होतं की साखळी चुंबकासारखीच वागते.

पुढे काय?

२०१२ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी १२ लोहअणूंमध्ये एक बिट साठवला. २०१७ मध्ये होल्मियमच्या एकाच अणूवर माहिती लिहून ती वाचताही आली. मात्र दोन्ही प्रयोग अतिशीत तापमानातले होते. एका अणूत माहिती मावते हे आता सिद्ध झालं आहे. ती खोलीच्या तापमानाला टिकवणं, हेच खरं आव्हान उरलं आहे.