ऑयलरची अटकळ आणि प्रा. श्रीखंडे

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्याला ठाऊक असते की, एकाच वावराची सगळी जमीन सारखी नसते. कुठे भारी, कुठे हलकी. अशा वावरात तीन बियाणी आणि तीन खते पारखायची असतील, तर एखादे बियाणे केवळ चांगल्या जागेमुळे सरस ठरण्याचा धोका असतो. म्हणून वावराचे नऊ भाग करून पेरणी अशी करता येते (क, ख, ग ही बियाणी, १, २, ३ ही खते) :

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत प्रत्येक बियाणे आणि प्रत्येक खत एकदाच येते. शिवाय प्रत्येक बियाण्याची प्रत्येक खताशी गाठ एकदाच पडते. संख्याशास्त्रात या मांडणीला ग्रीक-लॅटिन चौरस म्हणतात.

तीन, चार, पाचचे असे चौरस मांडता येतात. सहाचे काय? सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी घेऊन थोर गणिती ऑयलर यांनी हा प्रश्न मांडला. उत्तर सापडेना. तेव्हा १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी अटकळ बांधली : ६, १०, १४, १८ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येचा चौरस होणार नाही. सहापुरती ती खरी असल्याचे फ्रान्सच्या तारी यांनी १९०१ च्या सुमारास दाखवले. पुढच्या संख्यांसाठीही काहींनी सिद्धता दिल्या. पण त्या सदोष निघाल्या. तरी बहुतेकांचा भरवसा ऑयलर यांच्यावरच होता.

तो मोडणाऱ्या तिघांपैकी एक शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९ ऑक्टोबर १९१७, सागर येथे, शिक्षण नागपूरला. राज चंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी अमेरिकेत उत्तर कॅरोलिना विद्यापीठातून १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि परतून नागपुरात अध्यापन केले. पुन्हा अमेरिकेत गेले असता, १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौरस रचून दाखवला. अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा रचला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की, २ आणि ६ सोडल्यास अशी प्रत्येक संख्या जमते. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. १७७ वर्षांची अटकळ संपली. तिघांना गमतीने 'ऑयलरचा खेळ बिघडवणारे' म्हटले जाऊ लागले.

त्याच वर्षी श्रीखंडे यांनी १६ बिंदूंचा एक आलेख मांडला. त्यात प्रत्येक बिंदू इतर सहांना जोडलेला असतो. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बनारस हिंदू विद्यापीठानंतर १९६३ पासून १९७८ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ऑयलर यांचा अधिकार मोठा होता. पण गणितात सिद्धतेची जागा अधिकाराला घेता येत नाही. काही जमत नाही आणि ते जमणारच नाही, यांत अंतर आहे. हे वर्गात शिकवायला पत्त्यांचा एक जोड पुरतो. चारही रंगांचे एक्का, राजा, राणी, गुलाम काढा. सोळा पाने चार-चारच्या ओळींत अशी लावा की, कोणत्याही आडव्या-उभ्या ओळीत रंगही दुबार नको, चित्रही नको. मुले प्रथम म्हणतील, हे होत नाही. त्यांना उत्तर सांगू नका. थोडा वेळ द्या. हा डाव जमतो.