शेतकऱ्याच्या घरची खबर
लेखमाला : जुनं गाव, जुनी माणसं (लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात मालगुजाराचा, म्हणजे गावचा सारा गोळा करून भरणाऱ्याचा, वाडा पाहिला. आज त्याच्या कुळाच्या घरी जाऊ. दुर्ग ही रायपूर जिल्ह्यातली तहसील होती, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९०६ साल उजाडायचं होतं, त्या काळातलं हे घर आहे. या घरात मूल जन्मलं, लेक सासरी गेली, म्हातारा वारला, तर ही खबर सोयऱ्यांपर्यंत कोण न्यायचं? आणि ती कुठे लिहिली जायची?

दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या मराठी वाचकांना हा प्रश्न परका नाही. जातीच्या दाखल्यासाठी ‘मिसल’, म्हणजे जमिनीच्या बंदोबस्ताची जुनी नोंद, शोधत तहसीलच्या चकरा मारणारी अनेक घरं दुर्ग-भिलाईत आहेत. आजोबांचं नाव सापडतं, पणजोबांचं कधी सापडतं, कधी नाही. पणजीचं तर जवळजवळ नाहीच. असं का होतं, हे त्या काळच्या रोजच्या जगण्यात शिरल्याशिवाय कळत नाही.

आधी जमिनीचं पाहू. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हापासून १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडचा बहुतेक मुलूख या ना त्या रीतीने भोसल्यांच्या दौलतीत होता. मधली काही वर्षं कारभार इंग्रज अधिकाऱ्यांकडे होता, एवढंच. पण गावातली शेतं कोणी कसायची हे नागपुरात ठरत नसे. छत्तीसगडच्या पुष्कळ गावांत ‘लाखाबाटा’ चाले. काही वर्षांनी गावची सगळी शेतं एकत्र धरायची, चांगली, मध्यम आणि हलकी जमीन वेगळी काढायची, आणि ज्याच्याकडे जितके नांगर तितके वाटे त्याला नव्याने द्यायचे. त्यामुळे पाणथळ सुपीक तुकडा कायम एकाच घराकडे राहत नसे, आणि मुरमाड जमीनही एकाच्याच माथी बसत नसे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. पण तिचा एक परिणाम असा झाला, की घराण्याचं नाव एका शेताला चिकटलं नाही. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांचा जमीन-महसुलाचा बंदोबस्त झाला, मालगुजारांना मालकी मिळाली, शेतांना क्रमांक पडले, आणि हळूहळू लाखाबाटा मोडला. कुळाचं नाव सरकारी कागदावर येऊ लागलं ते तेव्हापासून. तेही सारा कोणाकडून घ्यायचा एवढ्यासाठी.

म्हणून घरातल्या बऱ्यावाईटाची खबर जमिनीच्या कागदात शोधून उपयोग नाही. ती पायी फिरायची.

हे काम नाऊचं, म्हणजे न्हाव्याचं. छत्तीसगडी गावात राऊत (गुराखी), नाऊ, धोबी, लोहार ही पौनी-पसारीची माणसं, आपल्याकडच्या बलुतेदारांसारखी. वर्षाकाठी ठरलेलं धान त्यांना मिळे. लग्नाचं आमंत्रण घेऊन नाऊ गावोगाव जाई. सहाव्या दिवशी बाळाची छट्ठी असे. त्या दिवशी बाळंतिणीसाठी मुळ्या आणि औषधी घालून उकळलेलं ‘कांके पानी’ प्यायला आळीतल्या बाया जमत. बाळ कसं आहे, कोणासारखं दिसतं, आईला दूध येतंय का, हे सगळं तिथे उमगे आणि संध्याकाळपर्यंत गावभर होई. आपल्याकडे सटवीच्या पूजेला बाया जमत, तसंच हे.

पण नाऊ सगळ्यांच्या दारी जात नव्हता. गुरू घासीदासांच्या (१७५६–१८५०) मागे गेलेले सतनामी हे इथले मोठ्या संख्येने शेती करणारे लोक; तरी गावच्या नाऊ-धोब्यांची सेवा त्यांना नाकारली जाई. त्यांनी आपली व्यवस्था आपण उभी केली. गावात एक भंडारी, तो लग्न-मर्तिकाचे विधी सांभाळी. त्याच्या जोडीला साटीदार, तो निरोप पोचवी आणि माणसं जमवी. एवढी नीट बांधलेली व्यवस्था अपमानातून उभी राहिली, याचा उल्लेख गावगाड्याच्या गोड आठवणींत क्वचित येतो. महाराष्ट्रातही वेगळं नव्हतं. मयताचा निरोप परगावी नेणं हे महारांच्या माथी मारलेलं काम होतं. रात्र असो की भर पाऊस, निघावंच लागे, आणि बदल्यात मिळे ती भाकर. कोणाच्या तरी घरची दुःखाची बातमी वेळेवर पोचली, तिची किंमत कोणी मोजली हे विसरू नये.

लेखी नोंद सुरू झाली ती कोटवाराच्या वहीत. कोटवार म्हणजे गावचा राखणदार. छत्तीसगडात तो बहुधा गांडा किंवा पनका समाजाचा असे, वऱ्हाड-नागपुराकडे महार समाजाचा. मध्य प्रांताचं सरकार गावातले जन्म-मृत्यू त्याच्याकडून गोळा करी. त्याला स्वतःला लिहिता येत नसेल, तर शाळेचा गुरुजी किंवा गावातलं कोणी लिहितं माणूस नोंद करून देई, आणि वही घेऊन तो ठाण्यावर हजेरीला जाई. विदर्भातले लोक आजही ‘कोतवाल बुकाची नक्कल’ काढतात, ती याच वहीची.

ही नोंद फार आखूड असते. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, कारण. मृत्यूची कारणंही सरकारने ठरवून दिलेली : हैजा, देवी, ताप, पोटाचा विकार, दुखापत. साप चावून मेलेला आणि वाघाने नेलेला दोघेही दुखापतीत. उरलेलं बरंचसं ‘ताप’ या एका रकान्यात जाई. बाळंतपणात गेलेली सून, उपाशी पोटी खंगलेला म्हातारा, मलेरियाने गेलेलं पोर, बहुतेक सगळे एकाच रांगेत. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतल्या मृत्यूंकडे पाहताना हे ध्यानात ठेवा. भूक हा आजारांच्या यादीतला रकाना नव्हता.

बायकांची खबर मात्र या वहीतही पुरती उतरत नाही. तिची वाट वेगळी. भादव्यात तीजाचा सण आला की भाऊ किंवा बाप लेकीला आणायला सासरी जाई. नांगरणी, पेरणी आणि उभ्या धानात नांगर घालायची बियासी उरकून हात जरा मोकळे झालेले असत. आदल्याच पंधरवड्यात पोळा होऊन गेलेला. लेक माहेरी येई, आणि वर्षभराचं साठलेलं सगळं आईच्या चुलीपाशी बाहेर पडे : सासू कशी वागते, कर्ज किती झालं, कोणती जाऊ पोटुशी आहे, नणंदेची पठौनी, म्हणजे सासरी पाठवणी, कधी. एका गावची बित्तंबातमी दुसऱ्या गावी नेणारी यापेक्षा भरवशाची वाट तेव्हा नव्हती, असं माझं मत आहे.

पुढे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. १८९१ मध्ये नागपूरहून बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत रेल्वे सलग झाली. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या मराठी घरांना याचा मोठा आधार झाला. लग्नाच्या पत्राला हळदकुंकू, मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला. वाचता न येणाऱ्या माणसालाही पत्र हातात पडताच कळे. मजकूर मात्र लिहून घ्यावा लागे आणि वाचूनही घ्यावा लागे, त्यामुळे घरातलं खरं दुखणं कार्डावर कमीच येई. पुस्तकात मात्र ते आलं. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी खर्च कसा उपटला जातो हे मांडलं. त्या घरातल्या आनंद-दुःखाचा असा सविस्तर हिशेब कोणत्याही सरकारी वहीत नाही.

तेव्हा मिसल शोधायला निघालात तर कोटवाराची वहीही मागा. नावापुढे ‘वल्द’ असेल तर बापाचं नाव, ‘बेवा’ असेल तर ती विधवा. तिचा नवरा कोण हे त्याच ओळीत सापडेल. आणि घरात ऐंशीच्या पुढची आजी किंवा आत्या असेल, तर कार्यालयात जाण्याआधी तिच्याकडे बसा. तिच्या आईचं नाव, आईचं माहेर, कोणत्या गावची सून कोणत्या साली आली, हे आजच लिहून घ्या. पुढच्या लेखांकात मिसलीतले रकाने एकेक करून वाचू. त्या वेळी ही नावं हाताशी लागतील.