रेल्वे एंजिनांचे जतन व प्रदर्शन

रेल्वे एंजिनांचे जतन व प्रदर्शन : सेवेतून काढून टाकलेली रेल्वे एंजिने त्यांच्या ऐतिहासिक वा तांत्रिक महत्त्वामुळे भंगारात न घालता राखून ठेवणे व लोकांस पाहण्यासाठी मांडणे. एंजिन ही मुळात उत्पन्न मिळवून देणारी मालमत्ता होय. तिचे उपयुक्त आयुष्य संपले की, तीतील तांबे, पितळ व पोलाद विकून येईल तेवढा पैसा वसूल करावयाचा, अशीच सर्व रेल्वे कंपन्यांची रीत होती. त्यामुळे आज अवशिष्ट असलेली बरीच जुनी एंजिने कोणत्याही योजनेपेक्षा योगायोगानेच वाचली आहेत. त्यांना आश्रय मिळाला तो स्थानकापुढील चौथऱ्यावर, कारखान्याच्या किंवा प्रशिक्षण शाळेच्या आवारात, उद्यानात, बंदिस्त संग्रहालयात किंवा मुद्दाम चालू ठेवलेल्या जुन्या लोहमार्गावर.

जतनाचा प्रारंभ इंग्लंडमध्ये झाला. विल्यम हेडली यांनी वायलम येथील कोळशाच्या खाणीसाठी १८१३–१४ च्या सुमारास बांधविलेले ‘पफिंग बिली’ हे एंजिन १८६२ साली लंडनच्या पेटंट कार्यालयाच्या संग्रहालयात आले. ते आता तेथील सायन्स म्यूझीयममध्ये असून अस्तित्वात असलेल्या वाफ एंजिनांत सर्वांत जुने आहे. त्याचे जुळे ‘वायलम डिली’ एडिंबरो येथे आहे. रेनहिल येथील १८२९ च्या स्पर्धेत विजयी ठरलेले स्टीव्हन्सन यांचे ‘रॉकेट’ हेही १८६२ मध्येच त्या संग्रहालयास मिळाले. परंतु तोवर त्याच्यात इतके फेरबदल झाले होते की, स्पर्धेतील मूळ रूप त्यात उरले नव्हते. तिरपे बसविलेले त्याचे सिलिंडर जवळजवळ आडवे करण्यात आले होते. अशा एंजिनाचे कोणते रूप खरे मानावयाचे, हा प्रश्न तेव्हापासून संग्रहालयांपुढे आहे. लंडनच्या संग्रहालयाने मूळ वस्तूस हात न लावण्याचे धोरण पत्करले व मूळ रूप दाखविण्याचे काम प्रतिकृतींवर सोपविले.

एकदा जतन केलेले एंजिन कायमचे सुरक्षित होते, असे मात्र नाही. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने सु. २·१४ मी. रुंदीच्या आपल्या अतिरुंदमापी मार्गाची स्मृती म्हणून ‘नॉर्थ स्टार’ (१८३७) व ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ (१८५१) ही दोन एंजिने स्विंडन येथील कारखान्यात राखून ठेवली होती. जागा अडते या कारणास्तव १९०६ मध्ये ती तोडण्यात आली. हा निर्णय जी. जे. चर्चवर्ड यांच्यासारख्या श्रेष्ठ अभियंत्याच्या कारकीर्दीत झाला, हे लक्षणीय आहे. पुढे १९२५ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या शतसांवत्सरिक उत्सवासाठी ‘नॉर्थ स्टार’ची प्रतिकृती त्याच कंपनीला करावी लागली व तीत जुन्या एंजिनाचे शिल्लक राहिलेले काही भाग वापरण्यात आले. बंदिस्त इमारतही निर्धोक नसते. जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथील संग्रहालयाच्या एंजिन-शेडला १७ ऑक्टोबर २००५ रोजी लागलेल्या आगीत वीसहून अधिक एंजिनांची हानी झाली. १९३५ मध्ये बनविलेली ‘आडलर’ची प्रतिकृतीही तीत होरपळली, पण ती पुन्हा दुरुस्त करण्यात आली.

ब्रिटनमध्ये वाफेचे युग १९६८ मध्ये संपले. त्यापूर्वीच, १९५१ साली, वेल्समधील टॅलिलिन हा लहान लोहमार्ग हौशी स्वयंसेवकांनी चालविण्यास घेतला होता. त्याच्या अनुकरणाने असे अनेक मार्ग निघाले. त्यांना एंजिने हवी होती व ती बहुतांशी एका भंगाराच्या आवारातून मिळाली. वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम यांनी सु. ३०० वाफ एंजिने तोडण्यासाठी विकत घेतली होती. परंतु मालवाहू वाघिणी तोडणे अधिक सोपे असल्याने त्यांनी ते काम प्रथम हाती घेतले व एंजिने वर्षानुवर्षे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तशीच गंजत उभी राहिली. या दिरंगाईमुळे त्यांपैकी २१३ एंजिने हौशी मंडळांनी विकत घेऊन वाचविली. राष्ट्रीय संग्रह १९७५ पासून यॉर्क येथे आहे. तेथे ताशी २०२ किमी.हून अधिक वेगाचा उच्चांक करणारे ‘मॅलर्ड’ (१९३८) आहे; तसेच एक एंजिन उभे छेदून ठेवलेले असल्याने बाष्पित्रातील नळ्या, दट्ट्या व वाफेचा मार्ग सामान्य प्रेक्षकासही समजतो.

अमेरिकेतील ‘जॉन बुल’ (१८३१) हे स्मिथसोनियन संस्थेकडे असून दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९८१ मध्ये, ते स्वतःच्या वाफेवर चालविण्यात आले. ‘बिग बॉय’ या प्रचंड एंजिनांपैकी २५ बांधली गेली व ८ राखली गेली. त्यांतील ४०१४ क्रमांकाचे एंजिन कॅलिफोर्नियातील पमोना येथे अर्धशतक स्थिर उभे राहिल्यानंतर मूळ कंपनीने परत घेतले व २०१९ मध्ये पुन्हा धावते केले. 

एंजिन धावते ठेवावे की स्थिर ठेवावे, याविषयी जाणकारांत एकमत नाही. धावत्या एंजिनाचे बाष्पित्र ठराविक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली तपासावे लागते. नळ्या, अग्निपेटीचे पत्रे, धारवे झिजतात व बदलावे लागतात. काही दशकांनी मूळ धातू थोडाच उरतो. उलटपक्षी उघड्यावरील स्थिर एंजिनाचा नाश सावकाश पण निश्चित होतो. धुराड्यातून शिरलेले पावसाचे पाणी राखेत साचून धुरपेटीचा तळ खाते, बाष्पित्रावरील आवरणाखाली ओल धरते व बाहेरून दिलेला रंग हा गंज केवळ झाकतो. म्हणून धुराड्यास झाकण घालणे, सर्व पाणी काढून टाकणे व एंजिनावर छप्पर घालणे या साध्या गोष्टी वारंवार रंग देण्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत. त्यांकडेच नेमके दुर्लक्ष होते. पितळी भागांची चोरी ही आणखी एक अडचण.

भारतात बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली. ती ओढणारी एंजिने ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या नावांनी सर्वश्रुत आहेत. मात्र त्यांपैकी एकही शिल्लक नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी लीड्स येथे बांधलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे २२ क्रमांकाचे ‘फेअरी क्वीन’ (१८५५) मात्र टिकले. १९०९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर होते. १९४३ मध्ये ते उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वे प्रशिक्षण शाळेत नेण्यात आले व तेथून दिल्लीच्या संग्रहालयात आले. १९९७ मध्ये ते पुन्हा चालू करून दिल्ली–अलवर पर्यटक गाडीस जोडण्यात आले आणि जगातील सर्वांत जुने चालू वाफ एंजिन म्हणून त्याची गिनीज ग्रंथात नोंद झाली. पुढे २०११ मध्ये त्याचे अनेक भाग चोरीस गेले. पेरांबूर येथील कारखान्यात दुरुस्त होऊन ते २०१७ मध्ये परत धावले.

नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची कोनशिला १९७१ मध्ये बसविण्यात आली व १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते खुले झाले. त्याच्या उभारणीत मायकेल सॅटो या इंग्रज हौशी तज्ञाचे साहाय्य मोलाचे ठरले. पतियाळा संस्थानातील एकरुळी गाडीचे अवशेष त्यांनाच सरकारी बांधकाम खात्याच्या आवारात आढळले होते. १९०७ ते १९२७ या काळात चाललेल्या या गाडीचा भार मुख्यतः एका रुळावर असे व तोल राखण्यासाठी बाजूस एक मोठे चाक रस्त्यावरून धावे. दुरुस्त केलेले तिचे एंजिन संग्रहालयाचे विशेष आकर्षण ठरले. म्हैसूर येथील संग्रहालय १९७९ मध्ये, तर हरियाणातील रेवाडी येथील १८९३ ची जुनी वाफ एंजिन-शेड अलीकडे वारसास्थळ म्हणून विकसित झाली. रेवाडीचे वैशिष्ट्य असे की, तेथे एंजिने चालू स्थितीत ठेवली जातात. रुंदमापी मार्गावरील वाफेची नियमित सेवा १९९५ मध्ये संपल्याने भट्टी पेटविणारे व बाष्पित्र दुरुस्त करणारे कारागीर दुर्मिळ झाले असून त्यांचे कसब अशा शेडमध्येच हातोहात शिकविले जाऊ शकते.

महाराष्ट्रात १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गासाठी जर्मनीत बनविलेल्या चार छोट्या एंजिनांपैकी एक नेरळ स्थानकाजवळ ठेवलेले आहे. तीव्र वळणे घेता यावीत म्हणून त्याचे टोकाचे आस लवचिक केलेले होते. त्याच संचातील एक एंजिन इंग्लंडला गेले. मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्रात घाटातील मालगाड्या ओढणारे ‘मगर’ जातीचे विद्युत् एंजिन आहे. पुढेमागे लांबट, बुटक्या नाकाडांमुळे त्यास हे नाव मिळाले. चालकवर्ग मात्र त्याला ‘खेकडा’ म्हणे. नागपूर येथे मोतीबाग या अरुंदमापी एंजिनांच्या जुन्या कारखान्याच्या परिसरात २००२ मध्ये स्थापन झालेले संग्रहालय सातपुडा प्रदेशातील ७६२ मिमी. मापाच्या मार्गांना वाहिलेले आहे. ते उघडले तेव्हा हे मार्ग चालू होते. त्यांपैकी नागपूर–नागभीड हा मार्ग रुंदमापी करण्यासाठी २०१९ मध्ये बंद झाला.